हलके बूट आणि वेंडेलचं थोबाड

३ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. यंदा वेंडेलचं थोबाड बंद करायचंय, त्याची कुठेतरी नोंद हवी, एवढंच.

वेंडेल म्हणजे मेहुणा. बायकोचा, मार्लिसचा, धाकटा भाऊ. अख्ख्या मॉन्टानात इतका आगाऊ माणूस नाही. गेल्या वर्षी शिकारीत मी पाडलेल्या एल्कचं मागचं एक तंगडं यानं डोंगरावरून खाली आणून दिलं, तर वर्षभर चर्चमध्ये, पेट्रोलपंपावर, तेच तुणतुणं. एल्क म्हणजे काय ससा आहे? घोड्याएवढं सांबर. तुकडे करून पाठीवरून आणावं लागतं. त्यात माझ्या पायांत ते जुने चामडी धोंडे. पायच उचलेना तर माणूस करणार काय? दोष बुटांचा होता. मी तेव्हाही सांगितलं, पण ऐकतो कोण.

आमच्या शिकारीच्या तळावरचा नियम: ज्याचं जनावर त्यानं वाहायचं. लागोपाठ दोन वर्षं दुसऱ्यानं वाहिलं की बंदूक खाली, झारा हातात. कायमचा स्वैपाकी. सध्या चुलीपाशी सासरेबुवा आहेत, हाल्वर. पण त्यांचा गुडघा गेलाय म्हणून. मी धडधाकट माणूस. मी वेंडेलला पॅनकेक करून घालणार नाही. मेलो तरी नाही.

संकल्प: हलके बूट. रोज पहाटे पाठीवर ओझं घेऊन टेकडी. बिअर बंद.

९ ऑगस्ट
टेकडी उद्यापासून. आज अभ्यास.

नेटवर वाचलं, पायातलं एक पौंड म्हणजे पाठीवरचे पाच. ताडकन उठून बसलो. म्हणजे बूट दोन पौंडांनी हलके घेतले की पाठीवरचं दहा पौंड मांस आपोआप नाहीसं! हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. मार्लिसला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आणि पोटातलं एक पौंड म्हणजे किती, ते लिहिलंय का तिथे? मी तराजू शोधायला गेलो.

१२ ऑगस्ट
बूट आणले. दुकानात घरचा तराजू घेऊन गेलो होतो. लोक बघत होते. बघू देत.

विक्रेत्यानं विचारलं, ओझं किती असणार? मी म्हटलं, तुला काय करायचंय? तो कडक तळाचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे कसले तरी रणगाडे दाखवायला लागला. महाग माल खपवायचा धंदा. मी सरळ सगळ्यांत हलका जोड उचलला. जाळीचा, करडा, हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटेना. मार्लिसला किंमत अर्धीच सांगितली.

वेंडेल आला होता. बूट दोन बोटांत धरून दुमडला. बुटाची टाच पुढच्या टोकाला टेकली. म्हणाला, दाजी, बूट कुठायत? हे तर मोजे आहेत. मग स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. निर्लज्ज.

बिअर एक. राग शांत व्हायला.

२४ ऑगस्ट
वणव्यांचा धूर. या हवेत टेकडी चढणं म्हणजे आत्महत्या. वेंडेल चढतो म्हणे, पाठीवर मिठाच्या गोणी घेऊन. त्याला अक्कल कधी होती?

१४ सप्टेंबर
धूर गेला. आता ऊन फार आहे.

सराव मात्र सुरू. पाठीवरच्या पिशवीत दोन उशा भरून बैठकीच्या खोलीत फेऱ्या. पहिला टप्पा. मार्लिस म्हणाली, उशांऐवजी पिठाचं पोतं घे. सगळं पायरीपायरीनं करायचं असतं हे या घराण्यात कुणालाच कळत नाही. बूट झकास. गालिच्यावर तर पायात आहेत हेच कळत नाही.

६ ऑक्टोबर
शोध लागला! बुटांच्या आतली गादी काढली, नाड्यांची टोकं कापली, नाड्यांखालच्या जिभेचा अर्धा स्पंज उपटला. तराजूचा काटा खाली आला. मार्लिस दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. बापाची मुलगी, दुसरं काय.

टेकडी आता राहू दे. सीझनच्या आधी स्नायूंना विश्रांती द्यावी असं म्हणतात.

२५ ऑक्टोबर, तळावर
आज रिकाम्या पाठीनं कड्यापर्यंत गेलो. उडत गेलो! वेंडेल त्याच्या दगडी बुटांत मागे पाय घासत येत होता. वर पोचून त्याच्यासाठी थांबलो, मुद्दाम घड्याळ बघत.  हाल्वर रात्री रस्सा वाढताना म्हणाले, चढताना सगळेच हलके असतात, लाइल. म्हाताऱ्याला वय झाल्यापासून असं बोलायची खोड लागलीय.

२७ ऑक्टोबर, सकाळ
पाडला! मोठा नर. एका गोळीत. शिंगं अशी की वेंडेलच्या पोटात दुखणार. तो पलीकडच्या दरीत गेलाय. इथे मी एकटाच आहे. चार तुकडे केले, पिशव्यांत भरले.   आता सगळं मी एकटा खाली नेणार, सूर्य मावळायच्या आत, आणि झारा गेला खड्ड्यात.

त्याच दिवशी, दुपार
मागचं तंगडं पाठीवर घेतलं. आडव्या उतारावर बुटाचा तळ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तळ वळतोय की माझी टाच, काही कळेना. पडलेली झाडं ओलांडताना प्रत्येक खडा तळव्याला लागत होता. टाचांची सालं निघाली. पायमोजा ओला लागला, वाटलं बर्फ असेल. रक्त होतं. शंभर पावलंही झाली नसतील. देवदाराला टेकून रडलो थोडा. कुणी पाहिलं नाही.

मग डोकं चालवलं. शिंगं आधी न्यावीत. तंगडं घेऊन मागे आलो, कवटीचा वरचा भाग करवतीनं सोडवला, बाकी टाकलं. हलकं आणि दिसायला झकास. मांस झाडाखाली ठेवलं, वर माझं जाकीट. जनावरांपासून वाचवायला फांदीला टांगायचं असतं, माहितीय मला. पण दोरी टाकायला हात उचलेना. पटकन जाऊन येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तळावर शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी शिंगं डुलत होती. वाटलं, वेंडेल निदान शिट्टी तरी मारेल.

 वेंडेलनं माझ्या पाठीकडे पाहिलं, मागच्या वाटेकडे पाहिलं. म्हणाला, मांस कुठाय? वर आहे, म्हटलं. सावलीत. तो म्हणाला, शिंगं शेवटच्या खेपेला येतात, दाजी. पाच वर्षांच्या पोराला कळतं हे. शिंगं खायची असतात का? मी म्हटलं, तू शिकवू नकोस. त्यानं थुंकून तोंड फिरवलं आणि रिकामी पिशवी पाठीला लावली.

हाल्वरनी एकच विचारलं. टांगलंयस ना? मी हो म्हणालो. टांगणारच होतो. मनानं टांगलंच होतं.

त्यांनी चुलीवरचं पातेलं उतरवलं, गुडघ्याला फडकं आवळलं आणि वेंडेलच्या मागून मांस आणायला निघाले. मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला? थांबले नाहीत. माझे पाय बादलीत होते, नाहीतर गेलो असतो.

२८ ऑक्टोबर
आले. वेंडेलच्या पाठीवर दोन तुकडे, हाल्वरच्या पाठीवर एक. चौथा अस्वलानं नेला. जाकीटही फाडलं.

हाल्वरना खाटेवर निजवलं. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. माझ्याकडे बघत नाहीत. वेंडेल शिव्या देतोय, सलग, एकही परत न वापरता. अस्वल आलं यात माझा काय दोष? ते अस्वलाला विचारा.

३ नोव्हेंबर, घरी
शांतपणे विचार केला. पदरी पडलं पवित्र झालं. स्वैपाकी तर स्वैपाकी. तशी मला चव आहे. हाल्वरचा रस्सा नेहमी पाणचट असतो हे कुणी बोलत नाही एवढंच. मी कांदा घालीन, बार्ली घालीन, पॅनकेकमध्ये ताक. वेंडेल बोटं चाटत बसेल आणि तोंड वर करून बोलू शकणार नाही. खरं तर तळाचा कणा स्वैपाकीच असतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं. दुकानात जाऊन लोखंडी तवा बघून आलो.

८ नोव्हेंबर
वेंडेलनं मार्लिससाठी मांसाचं खोकं पाठवलं. वर तिचं एकटीचं नाव. तिनं उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, बाबांच्या गुडघ्यावर बसून आलेलं मला गिळायचं नाही. गाडीत घालून परत देऊन आली. मी म्हटलं, निदान चार तुकडे ठेवायचेस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो.

११ नोव्हेंबर
हाल्वर आले. काठी घेऊन. आत बसा म्हटलं तर दारातच उभे राहिले.

मीच मोठ्या मनानं विषय काढला. म्हटलं, पुढच्या वर्षीपासून चूल माझी, तुम्ही आराम करा, माझी तक्रार नाही. कांद्याचं सांगितलं. बार्लीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, स्वैपाकी म्हणजे नुसता रांधणारा नव्हे रे. सगळे डोंगरावर गेले की तळावरचं मांस तोच सांभाळतो. माश्या, ऊन, अस्वल, सगळं तोच बघतो. सगळ्यांच्या घरचा हिवाळा त्याच्या भरवशावर असतो. टांगलं म्हणालास, आम्ही वर गेलो, जमिनीवर होतं. तुझ्या हाती कसं देऊ?

रागावून बोलले असते तर मीही चार सुनावले असते. पण ते अगदी हळू बोलले, आजाऱ्याशी बोलतात तसं. मी म्हटलं, मग मी तळावर करू काय? ते म्हणाले, येऊ नकोस, लाइल. आणि काठी टेकत पायऱ्या उतरले. हात द्यायला पुढे झालो तर नको म्हणाले.

फार वाईट वाटलं. वेंडेलमुळे नाही. वेंडेल तर आठवलाही नाही.

मार्लिसनं जेवायला चिकन केलं. दुकानातलं. लग्न झाल्यापासून नोव्हेंबरात या टेबलावर विकतचं मांस कधी आलं नव्हतं. मीठ कमी होतं. तसंच खाल्लं.