कव्हर फायनल ७

४ जानेवारी, सकाळ
आजपासून मी डिझायनर. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं. तीस दिवस फुकट, मला पंधरा पुरतील. ऑफिसने घरी बसवल्यापासून सगळे माझ्याकडे बिचारा म्हणून बघतात, ते आता बंद. इतकी वर्षं स्टोअरमध्ये पत्र्याच्या पेट्या मोजल्या, आता पेट्या डिझाइन करणार. बायको म्हणाली, आधी गाद्या उन्हात टाका. टाकल्या नाहीत. पहिल्याच दिवशी शिस्त मोडली तर कसं व्हायचं?

४ जानेवारी, दुपार
पहिलं गिऱ्हाईक मिळालंसुद्धा! धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं पुठ्ठ्याची खोकी करायचं वर्कशॉप आहे. तो आणि त्याची बायको, दोघंच राबतात. पुठ्ठ्याला घडी पाडायच्या मशीनवर उजव्या बाजूला दात्यांची दोन चाकं फिरतात. त्यांच्यावरचं पत्र्याचं कव्हर कोपऱ्यात तडकलंय. म्हटलं, नवं मी डिझाइन करून देतो. तो म्हणाला, अरे दादा, वेल्डिंगचा एक टाका मारला की भागेल. म्हटलं, टाके मारत बसलास म्हणूनच मागे राहिलास.

जुनं कव्हर सॅम्पल म्हणून घरी आणलं. माप घे आणि इथेच ठेव, म्हणत होता. पुठ्ठा सरकवताना हात त्या चाकांपाशी जातो म्हणे. म्हटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. डिझायनरला वस्तू डोळ्यांसमोर लागते.

७ जानेवारी
शिकवणीचे व्हिडिओ बघतोय. पहिला धडा पत्र्याच्या जाडीवर. फार कंटाळवाणा, सोडून दिला. जाडी काय, सगळ्यांनाच असते.

सरळ ठोकळा काढला आणि आतून कोरला. हुबेहूब कव्हर! फक्त ते उलगडून सपाट करून दाखवायचं असतं, म्हणजे तेवढा पत्रा कापून मग वाकवता येतो. उलगडायचं बटण दाबलं. लाल अक्षरात नकार. पुन्हा दाबलं. पुन्हा नकार. सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे. कंपनीला कळवायला हवं.

१५ जानेवारी
उलगडलं!! ठोकळा काढायचाच नसतो. पहिल्यापासून पत्रा म्हणूनच काढायचा, एक तळ आणि चार बाजूंना चार पट्ट्या. बटण दाबलं की पट्ट्या उभ्या राहतात, परत दाबलं की आडव्या. दिवसभर हेच केलं. बायकोला दाखवायला बोलावलं. चौथ्यांदा बोलावल्यावर आली नाही.

धाकट्याचा फोन आला होता. उचलला नाही. एकाग्रता भंग पावते.

जुनं कव्हर टेबलावर उलटं ठेवलंय. त्यात पेनं छान राहतात.

२४ जानेवारी
पहिला पीस बेंडिंगवाल्याकडून वाकवून आणला. थाटात वर्कशॉपला गेलो. बसेना. आतलं माप बाहेरचं म्हणून टाकलं गेलं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या जाडीइतकं कमी पडलं. हे त्या पहिल्या धड्यात सांगितलं असेल, तर त्या मास्तरने धडा जरा रंजक करायला हवा होता.

धाकट्याच्या बायकोने हातोडी घेऊन ठोकून पाहिलं. मग ती धाडकन खाली ठेवली. हातोडी ठेवण्याचीसुद्धा एक पद्धत असते. धाकट्याने जुनं कव्हर परत मागितलं. ते लावलं की नव्याची गरज कुणाला वाटणार आहे? त्याला सांगितलं, मापं चालू आहेत.

२ फेब्रुवारी
दुसरा पीस. माप अगदी बरोबर! पण उजव्याऐवजी डाव्या बाजूला बसेल असा निघाला. पट्ट्या वर वळवायच्या की खाली, हे ड्रॉइंगवर लिहायचं राहिलं. बेंडिंगवाला म्हणाला, लिहिलं नव्हतं तर मला काय स्वप्न पडणार? कुणाला दोष देण्याचा माझा स्वभाव नाही. दोष त्याचा आहे.

धाकटा म्हणाला, आता मशीनलाच आरशासमोर उभं करू. आणि स्वतःच हसला. कामाच्या ठिकाणी मला थट्टामस्करी चालत नाही.

सॉफ्टवेअरचे तीस दिवस संपत आले. बायकोच्या ईमेलवर नवे तीस घेतले.

११ फेब्रुवारी
संकल्प: आता साधं काही करायचं नाही. पुढच्या कव्हरला चारी बाजूंनी आत वळलेली कड देणार. पत्र्याच्या धारेने कुणाचं बोट कापायला नको. सेफ्टीच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. कोपऱ्यात माझं नाव कोरायचं ठरवलंय. स्क्रीनवर चकाकी देऊन पाहिली. डोळ्यांत पाणी आलं.

धाकट्याने फोनवर विचारलं, दादा, कधी? म्हटलं, चांगल्या कामाला वेळ लागतो. तो बरं म्हणाला. तो नेहमी बरंच म्हणतो.

१९ फेब्रुवारी
बेंडिंगवाल्याकडे तमाशा. शेवटची कड वळवल्यावर कव्हर त्याच्या मशीनच्या वरच्या पात्याभोवतीच बंद झालं. निघेचना! शेवटी ग्राइंडरने कापून काढलं. माझं नाव मधोमध कापलं गेलं. मला काय कल्पना? स्क्रीनवर पातं कुठे असतं? तिथे पत्रा आपला हवेतच वळतो.

त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा दारात दिसू नका म्हणाला. बेंडिंगवाले पैशाला पासरीभर मिळतात.

२३ फेब्रुवारी
नव्याने मापं घ्यायला वर्कशॉपला गेलो आणि बघतो तर काय, चाकांवर पुठ्ठ्याचं कव्हर! सुतळीने बांधलेलं. अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या भावाचा विश्वास नाही? धाकट्याची बायको म्हणाली, भाऊजी, तुमचं येईपर्यंत तरी असू दे. मोठी ऑर्डर होती, दोघांना मान वर करायला फुरसत नव्हती. जेवायला मशीन थांबवलं तेव्हा मापं घेतली. पुठ्ठा आड येत होता, म्हणून सुतळी कापून काढून ठेवला.

परत बांधायचा राहिला. असो. दोन दिवसांत खरं कव्हर येणारच आहे.

२६ फेब्रुवारी, दुपार
फायनल ७ तयार. आतली कड काढली, दिशा लिहिली, जाडी हिशेबात धरली. निर्दोष. फक्त रंग ठरत नाहीये. करडा भारदस्त दिसतो, पण निळ्याला एक वेगळीच शान आहे. दोन्ही स्क्रीनवर लावून बघतोय.

धाकट्याच्या बायकोचे लागोपाठ फोन येतायत. रंग ठरला की करतो.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
धाकट्याचा उजवा हात. अंगठ्याशेजारची दोन बोटं.

२७ फेब्रुवारी
नोंद असावी म्हणून लिहितो. पुठ्ठा तसाही टिकला नसता. सुतळीही कच्ची होती. ऑर्डरच्या घाईत माणूस बेसावध होतो. चाकं फिरत असताना हात जवळ न्यायचा नसतो, हे कुणीही सांगेल. मी त्याला कितीदा सांगितलंय. एकदा तरी सांगितलंय. सांगायचं मनात होतं.

१ मार्च, हॉस्पिटलमधून आल्यावर
मला बघून धाकटा उठायला लागला. मोठा भाऊ आला की उठायची सवय आहे त्याला. हाताला एवढं मोठं बँडेज. फायनल ७ झालंय म्हणालो, फक्त रंग राहिलाय. तो म्हणाला, छान झालं. मग म्हणाला, दादा, रागावू नकोस, पण ते जुनं कव्हर आहे ना रे तुझ्याकडे? ते आधी लावून दे. सोमवारपासून मशीनवर ही बसणार आहे, ऑर्डर पुरी करायचीय. नवं तू सावकाश कर.

घरी आल्यावर जेवलो नाही.

३ मार्च
सकाळी पेनं काढली आणि जुनं कव्हर घेऊन गेलो. दोन स्क्रू. भोकासमोर भोक बरोब्बर आलं. धाकट्याच्या बायकोने चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत बसलं. तडकलेल्या कोपऱ्यातून चाकाचे दाते दिसतात, पण बोट आत जात नाही. मशीन बंद असताना मी माझं घालून पाहिलं.

ती येऊन स्टुलावर बसली आणि मशीन चालू केलं. पुठ्ठा हातात धरून थोडा वेळ नुसतीच बसली. मी विचारलं, मी काही करू का?

ती म्हणाली, भाऊजी, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.

बाजूला झालो.