वरच थांबायचं होतं, इक्बालभाई

प्रिय इक्बालभाई,

तुला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस डायरीत तुझ्याबद्दल लिहीत होतो, तुला लिहायचं धाडस नव्हतं. आज लिहितोय, कारण आज तुझा जावई साजिद आमच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या शिडीवरून खाली उतरला.

तो सराव आठवतो ना? लोखंडी टाकी, आत काळोख, तळाला खलाशाचे कपडे घातलेला बाहुला. बंद टाकीत गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो, हे मी आधी फळ्यावर सांगतो. खाली माणूस पडलेला दिसला की घंटा वाजवायची आणि हवेचे सिलिंडर पाठीवर घेतलेली माणसं येईपर्यंत वरच थांबायचं. एवढंच! आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना नेमकं तेवढंच जमत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी तूही, खलाशांचा मुकादम, जहाजावरचा सारंग, असाच उतरला होतास. बाहुल्याला खांद्यावर टाकून वर आलास, तर सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. मी म्हटलं, "सारंग, तुम्ही मेलात."

"मेलो तर मेलो. ह्याला वर आणला ना?"

मीसुद्धा हसलो. का हसलो? तिसऱ्या खेपेला तू थांबलास, पण चेहरा असा, की कुणी बांधून ठेवलंय.

गेल्या वर्षी पुन्हा रिफ्रेशर कोर्सला आलास. सरावाच्या सकाळी दारात उभा. "सुहास, आज सोड. राजापूरहून पाहुणे येतायत धाकटीला बघायला. आणि भाट्याच्या खाडीत तुला पोहायला मी शिकवलं, आता तू मला शिडी उतरायला शिकवणार काय रे?"

"उतरायला नाही, न उतरायला," मी म्हटलं. तू पाठीवर थाप मारलीस आणि गेलास. मी तुझ्या नावापुढे सराव झाल्याची सही केली. घाईत केली, असं लिहिणार होतो. घाई नव्हती. तुला नाही म्हणायचा संकोच वाटला.

मुलीचं लग्न लावून तू जहाजावर गेलास. मग ती बातमी. जहाजाच्या टाकीत पंप सांभाळणारा पंपमन पडला होता. घंटा तुझ्या हाताशी होती, आणि तू उतरलास. दोघांनाही वर आणलं, पण उशिरा.

का रे असं केलंस? मदत बोलावली असतीस तर कदाचित तोही जगला असता!

त्या सकाळी सराव केला असतास, तर थांबला असतास का? कधी वाटतं, नाहीच. मग वाटतं, हे मी स्वतःला सोडवायला म्हणतोय. हे फक्त तूच सांगू शकला असतास.

चाळिसाव्याला भाभीने विचारलं, "तुम्ही त्यांना शिकवलं नव्हतं का हो?"

"शिकवलं होतं," मी म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं. म्हणून जास्त टोचतं.

आज साजिदला तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा उतरला. "सर, माणूस खाली पडलाय आणि मी वर घंटा बडवत बसू होय?"

"तुझे सासरे असेच गेले."

"माहिताय. त्यांच्यासाठी कोण उतरलं, सर?"

  मी सराव तिथेच थांबवला.

उद्या पुन्हा करायला लावीन. थांबेल असं वाटत नाही. नाही थांबला, तर त्याच्या कागदावर मी सही करणार नाही. त्याचं जहाज हातचं जाईल, आणि भाभी जाब विचारायला येईल. त्या वेळी तुझा कागद तिच्यापुढे ठेवीन, त्यावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवीन आणि सांगीन, की त्या दिवशी इक्बालभाई इथे नव्हता. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. हा शब्द तुला देतो.

तुझ्याकडून पोहायला शिकलेला,
सुहास