साडेपाच ते पावणेसहा

३ मार्च, सोमवार

लागले एकदाची नोकरीला! शहरातल्या सगळ्यात मोठ्या बसस्थानकाची निवेदिका. पहिल्याच दिवशी स्वतःची खोली, फिरती खुर्ची आणि मान वाकडी करता येणारा माइक. आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, मधल्या सुट्टीत जेवलीस का. माइकचं कौतुक तिला नाहीच.

कौतुक मला आहे. लहानपणी मी इतकी अडखळायचे की स्वतःचं नाव सांगेपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन जेवून यायचा. शेवटी शाळेतल्या मास्तरांनी युक्ती शिकवली: आधी लिही, मग वाच. लिहिलेलं वाक्य जिभेला अडत नाही. अडखळणं कधीच गेलं, सवय राहिली. त्यामुळे ही वही रोजनिशीचीही आणि घोषणांचीही. एका पानावर मी, एका पानावर गाड्या.

खोली प्रतीक्षागृहाच्या डोक्यावर आहे, माळ्यासारखी. तिन्ही बाजूंनी काच. खाली दहा फलाट, ओळीनं बाकं, आणि माणसंच माणसं. उतरायला एकच लोखंडी जिना. तो थेट पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी टेकतो.

राहते मावशीकडे. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला. रोज संध्याकाळी पावणेसहाची गाडी इथूनच, चार नंबरवरून पकडते. आज साडेपाचच्या जरा आधीच आली, नळावर बाटली भरली, शेजारच्या बाकावर बसली आणि वर बघून मला असा हात केला, की जणू स्थानक माझ्याच नावावर आहे.

घरचा एकच नियम तिनं पहिल्या दिवशी सांगितला. जिथं जायचं तिथं पोचलं की फोनवर एक शब्द टाकायचा: पोचले. बाकी रामायण नंतर. अडीच वर्षांपूर्वी स्थानकात ते झालं, तेव्हापासून अख्ख्या शहराला ही सवय लागली आहे म्हणे. मावशी ते इतक्या सहज सांगते, जशी कुकरची शिट्टी मोजावी.

४ मार्च, मंगळवार

दुसऱ्याच दिवशी शेण खाल्लं. चारवरची गाडी नऊवर लागेल, असं सांगून बसले. वहीत नीट चार लिहिलं होतं, वाचताना नजर खालच्या ओळीवर गेली.

खाली जे झालं ते बघण्यासारखं होतं. अर्धं प्रतीक्षागृह एका क्षणात उठलं. एक आजोबा काठी काखेत मारून पळाले! काठी कशाला बाळगतात, कुणास ठाऊक. वाहतूक नियंत्रक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, ते धापा टाकत वर आले. म्हणाले, पोरी, लोकांना काय वाट्टेल ते सांग, पण फलाट बदलला असं चुकूनही सांगू नकोस. आभाळ कोसळलं तरी बाकावरून न हलणारी माणसं त्या दोन शब्दांना हलतात.

खरंच आहे. दर पंधरा मिनिटांनी यंत्र आपोआप सूचना वाजवतं: बेवारस वस्तूला हात लावू नये, जवळच्या कर्मचाऱ्यास कळवावे. कुणी मान वर करत नाही. आज ती सूचना चालू असताना एक गृहस्थ आपली पेटी अनोळखी माणसाच्या भरवशावर सोडून पान खायला गेले. तो अनोळखी माणूसही पाच मिनिटांनी निघून गेला.

सूचनेतला आवाज माझ्या आधीच्या निवेदिकेचा. सगळे त्यांना जुन्या बाई म्हणतात. गोड आवाज, घरात बोलावल्यासारखा.

दारावरचे पहारेकरी म्हणजे बीपकाका. येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून ते धातू शोधणारं काळं यंत्र फिरवतात. आज हळूच सांगितलं, की ते आठ महिन्यांपासून बंद आहे. आवाज ते तोंडानं काढतात. मी हसून लोटपोट. ते मात्र गंभीर. लोकांना वाटलं पाहिजे, कुणीतरी बघतंय, म्हणाले. आणि मी बघतोच की.

६ मार्च, गुरुवार

आज इथली एक रीत कळली. साडेपाच ते पावणेसहा माझ्या खोलीत कुणी बसत नाही. यंत्र आपलं आपण चालतं, माणसं खाली चहाला जातात. साहेबांनी पहिल्या दिवसापासून मला त्या वेळेला कामं काढून खाली का बोलावलं, ते आज उमगलं. शेवटी बीपकाकांनी सांगितलं.

अडीच वर्षांपूर्वी त्या दिवशी जुन्या बाईंना वरून एक बॅग दिसली. सात नंबरच्या बाकाखाली, काळी, चाकांची. त्यांनी सूचना वाजवली. एकदा नाही, चारदा. कुणी उठेना. मग त्या जिना उतरून खाली गेल्या आणि माणसांना दंडाला धरून उठवायला लागल्या. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. स्फोटात अकरा माणसं गेली. त्यात बाई.

 ऐकून रागच आला. ज्यांनी ती बॅग ठेवली त्यांना हेच तर हवं होतं, की आम्ही एकेक खोली, एकेक वेळ सोडून द्यावी. आज पंधरा मिनिटं, उद्या अख्खा दिवस. मी साहेबांना सांगितलं, चहा वर पाठवा, मी बसणार.  चहा त्यांनी पाठवला नाही.

बसले. पाच पस्तीसला सूचना वाजली. ती संपल्यावर माझ्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी घेतात तसा.

खालच्या भोंग्यांतून तो आला नाही. मी काचेतून बघत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. अर्थात, त्यांचं कधी असतं?

८ मार्च, शनिवार

काल सुट्टी घेतली नाही, आज घेणार नाही. पस्तीसला पुन्हा श्वास. आणि त्यामागून एक शब्द. जुन्या बाईंच्या आवाजात, स्पष्ट.

नळाजवळ.

जुनं ध्वनिमुद्रण आहे, मागचं काही उरलं असेल, अशी मनाची समजूत घातली. मग समजूत घालणाऱ्या मनाला विचारलं, की बाईंची बॅग तर सात नंबरखाली होती. नळ चारपाशी आहे.

१० मार्च, सोमवार

आज तीन शब्द जास्त. करडी. पट्टा तुटलेला.

खाली धावले, बीपकाकांना पुन्हा विचारलं. काळीच होती, चाकांची होती, म्हणाले. मरेपर्यंत विसरणार नाही.

म्हणजे बाई झालेलं सांगत नाहीत.

साहेबांनी दुपारी ती सूचना माझ्यासमोर वाजवून दाखवली होती. अकरा सेकंद, पुढे काही नाही. रोज चार बेवारस पिशव्या सापडतात, एकीत डबा, दुसरीत ओले कपडे, अशी त्यांनी समजूत काढली. मग मी म्हटलं, पाच पस्तीसला वर येऊन ऐका. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. येणार नाही म्हणाले. स्फोटाच्या दिवशीच्या हजेरीवर आपली सही आहे, पण त्या वेळी आपण चहाला होतो, एवढंच बोलले.

११ मार्च, मंगळवार

मावशीला सगळं सांगितलं. निदान तू तरी रस्ता बदल, मागच्या थांब्यावरून गाडी पकड, म्हणून हातापाया पडले.

ती भाजी चिरत होती. ऐकून घेतलं, आणि सुरी खाली ठेवून म्हणाली, की त्या मेल्यांसाठी मी रस्ता बदलू? बावीस वर्षं त्या बाकावर बसतेय. स्फोट झाल्यावर तिसऱ्या दिवशी, फरशी ओली असताना, तिथं पहिली जाऊन बसले ती मीच.  भीती वाटते की नाही ते विचारू नकोस, रोज वाटते. गाडी तरी पकडावी लागतेच की.

मग तिनं विचारलं, तू नोकरी सोडणार आहेस का.

मी नाही म्हटलं. मग गप्प जेव, म्हणाली.

आईचा फोन. परत ये. तिलाही नाही म्हटलं. मावशीच्या वळणावर गेलेय मी, असं आई रडत रडत म्हणाली. मला बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

दिवसभर काचेपाशी. नळाजवळ दर दोन मिनिटांनी बघते. छत्री. दुधाची पिशवी. कुणाचं तरी बाळ, पण ते बेवारस नव्हतं.

पस्तीसला बाई नुसत्या रडत होत्या. मग एकच वाक्य —

कुणी उठलं नाही.

पुन्हा पुन्हा तेच. मी माइक बंद असताना त्यांना विचारलं, मी काय करू? लिहून विचारलं, मग वाचलं. तरी अडखळले. वीस वर्षांनी.

१३ मार्च, गुरुवार

५.२१. आहे. नळाजवळ. करडी. पट्टा एका बाजूनं लोंबतोय. शेजारी कुणी नाही.

५.२२. साहेबांना फोन. त्यांनी बॉम्बशोधक पथकाला कळवलं. पथकाला वीस मिनिटं लागणार. वीस! साहेब स्वतः दाराकडे धावलेत. चहाला नाही गेले. हे लिहून ठेवते.

५.२४. सूचनेचं बटण दाबलं. वाजली. एक मान वर नाही. बॅगेला टेकून एक बाई बाळाला पाणी पाजतेय —

कुणी उठलं नाही. कुणी उठलं नाही. जुन्या बाई, कळलं. कळलं मला!

आधी लिही —

प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट बदलला आहे. एक ते दहा, सर्व गाड्या आज मागच्या मैदानातून सुटतील. गाड्या सुटण्याच्या तयारीत आहेत.

५.२६. उठले! सगळे! शिव्या देत, पोरं कडेवर मारत, पळताहेत. बाळाची बाई गेली. काठीवाले आजोबा सगळ्यांच्या पुढे. द्या, शिव्या द्या मला. हव्या तेवढ्या द्या.

बीपकाका मागच्या दारात उभे, माणसं बाहेर ढकलताहेत. साहेब पुढच्या दारात, आत कुणाला सोडत नाहीत.

५.३०. मावशी.

कुठून आत आली — साहेबांच्या हाताखालून. बावीस वर्षांची वाट, तिला कोण अडवणार. बाटली भरतेय. बाकावर बसली. बॅग तिच्या पायाशी, तिचं लक्षच नाही. माझ्याकडे बघून हात हलवतेय, मान हलवतेय — पुन्हा फलाट चुकलीस, असं सांगतेय मला! हसतेय!

बॉम्ब म्हटलं तर ही उठणार नाही. ही त्या मेल्यांसाठी उठणार नाही. कुणासाठी उठेल?

दिवा बंद केला. टेबलाखाली बसले. माइक खाली ओढला. आता तिला मी दिसत नाही.

लिही. लिही —

नळाजवळच्या बाकावर बसलेल्या मावशींनी लक्ष द्यावे. आपली भाची मागच्या मैदानात चक्कर येऊन पडली आहे. ती आपल्यालाच हाका मारते आहे.

भा — भा — शब्द अडला. भाची. भ —

वाचलं. आवाज बदलून वाचलं मी. सगळं वाचलं.

५.३२. पावलं. पळणारी. बाटली पडल्याचा आवाज. डोकावून बघितलं. बाक रिकामा. मावशी पळतेय. गुडघे दुखतात म्हणणारी मावशी!

खाली कुणी नाही. मीही निघते. जिना —

जिना नळापाशी उतरतो.

५.३४. मागच्या दाराशी गलका. मैदानात गाड्या नाहीत, हे कळलंय त्यांना. परत येताहेत. काका एकटे किती धरणार.

बोलत राहायला हवं. मी थांबले, की ते आत.

गाडी क्रमांक — कुठला लिहू — सगळे लिहिते. एकेक —

 आवाज फुटत नाही. वहीत आहे, जिभेवर नाही —

५.३५. भोंगे वाजले. खालचे, सगळे. माझा माइक बंद होता.

सर्व गाड्या मैदानातूनच सुटतील. घाई करू नका. मागे वळू नका. गाडी येते आहे.

घरात बोलावल्यासारखा आवाज. पहिलं वाक्य माझंच. या वहीतलं.

दाराशी थांबले सगळे. मान वर करून ऐकताहेत. बाई, बघा. ऐकताहेत तुम्हाला.

माझाही आवाज फुटला. एक वाक्य त्या, एक मी.

५.३८. फोनवर मावशीचा निरोप. पोचले मैदानात. तू कुठे आहेस ग इथं, दिसत नाहीस. तू पोचलीस का?

लांब कुठंतरी पथकाच्या गाडीचा सायरन.

खोटं नाही लिहिणार. आधी लिहिते, मग तिला पाठवते —

मावशी, रागावू नकोस. भोंग्यातला आवाज ऐक. त्यातला दुसरा माझा. घाबरतेय, पण बोलतेय. तो ऐकू येतोय तोवर समज, की मी अजून