कुणाच्या गुडघाभर पाण्यात?

तीर्थरूप वहिनी,

तुमच्या ताडमाड दिराचा कमरेत वाकून नमस्कार. (वाकल्याशिवाय तुम्ही दिसत नाही, असं दादा म्हणतो. मी नाही.) दादाची पाठ कशी आहे? फ्लॅटची सवय झाली का? इथे आम्ही मजेत आणि तुमचं कमळही मजेत. रविवारी तुम्ही ते बघायला येणार, म्हणून हकिगत आधीच कळवतो. बाहेरून काहीबाही कानावर यायला नको.

जुनं घर सोडताना तुम्ही कमळाची टोपली माझ्या हाती दिलीत, डोळे पुसलेत आणि म्हणालात, "गुडघाभर पाण्यात ठेवा भावजी, चिवट आहे, मरायचं नाही." आता मी शिंपी. जन्म लोकांच्या तंगड्या मोजण्यात गेला. पण कुणाचा गुडघा, हे विचारायचं काही सुचलं नाही! मागच्या अंगणात माझ्या गुडघ्याइतका खड्डा खणला, प्लास्टिक अंथरलं, पाणी भरलं, टोपली सोडली. कमळ जे गेलं ते गेलंच. पानं वर येईनात. मी रोज काठावर पालथा पडून "ये रे बाबा" म्हणायचो (शेजारीण हिला म्हणाली, भावजींना कुणाला तरी दाखवून आणा). एकदा तोल गेला आणि धपकन आत! अंगात गिऱ्हाईकाची पँट होती, शिलाई तपासायला घातलेली. ती आटली. गिऱ्हाईकाला म्हटलं, तुम्हीच सुटलात. बिचारा हल्ली रात्रीचा जेवत नाही.

शेवटी हिनेच डोकं चालवलं. "अहो, जाऊबाईंचा गुडघा तुमच्या पोटरीशी येतो!" म्हणाली आणि टोपलीखाली बादली उपडी घातली. काय सांगू वहिनी! बघता बघता पानांनी तळं झाकलं, डासांसाठी सोडलेले मासे दिसेनात, बेडकांनी वर संसार थाटला. परवा फूल उमललं. गुलाबी! मी दुकानात नाचलो, पायात सुई घुसेपर्यंत. तुमचा जीव त्या झाडात आहे, मला ठाऊक आहे. फार बरं वाटलं.

तुमचा,
अजून ओलाच असलेला दीर

ता. क. सहज विचारतो, तुमच्या कमळाचं फूल कोणत्या रंगाचं होतं? (तुमच्याकडे आलो की माझं लक्ष स्वयंपाकघराकडे.) ते बुडालं तेव्हा घाबरून मी नर्सरीतून तशाच टोपलीतलं दुसरं आणून शेजारीच सोडलं होतं. बादली एकच, ती हाताला लागली त्या टोपलीखाली गेली. उरलेली टोपली कुजली.

ता. ता. क. गुलाबी असेल तर रविवारी अवश्य या. पांढरं असेल तर घरात सगळ्यांना ताप आहे.