हात द्यायचा नाही

४ सप्टेंबर
धाकटा भाऊ घरी आला! दोघांनी स्ट्रेचरवरून वर आणला, तरी तोंड चालूच — "सावकाश रे, रंग उडेल." सत्तरी ओलांडलेला सायकल दुरुस्तीवाला, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसवली, आणि मला म्हणतो, "ताई, फ्रेम नवी झाली बघ."
पलंग खिडकीशी ओढून घेतला. तिथून खालचं त्याचं दुकान दिसतं. शटर बंद आहे, ते बघून गप्प झाला.

९ सप्टेंबर
त्याला काही म्हणजे काही करू देत नाही. पाणी हातात, ताट हातात. नुसता हलला तरी मी एका बगलेत, त्याचा मुलगा, माझा भाचा, दुसऱ्या बगलेत. शेजारीण म्हणाली, "बहीण असावी तर अशी." बरं वाटलं. का वाटू नये?

१७ सप्टेंबर
फिजिओथेरपीवाली मुलगी आली. चणीने एवढीशी, आवाज परेड घेणाऱ्याचा. धाकट्याने लगेच नाव ठेवलं — हवालदारीण.
तिने त्याची मांडी दाबून बघितली. "हाड जुळतंय. पण स्नायू कुठे गेले?"
मी म्हटलं, वजन तर होतं तेवढंच आहे.
"वजनच फसवतं, आजी. स्नायू झिजतात, चरबी वाढते, काटा तिथेच. वयाने झीज होतेच, त्यात पडून राहिलं की झपाट्याने होते. पायात जोर नसला तर परत पडतील." मग बोट माझ्याकडे! "जवळ उभ्या राहा. पण त्यांचं ते उठत असताना हात द्यायचा नाही."
हात द्यायचा नाही! आई आम्हाला उलटं शिकवून गेली.

१८ सप्टेंबर
तो खुर्चीतून उठायला धडपडत होता. मी पदराचं टोक दोन्ही मुठींत आवळून उभी. कठीण आहे हे.

२९ सप्टेंबर
भाचा आज स्पष्टच बोलला. "आत्या, बाबांना माझ्याकडे नेतो. दुकान विकून टाकू. तुझ्या एकटीच्याने कसं होणार?"
मला वाटलं धाकटा झोपलाय. डोळे मिटूनच म्हणाला, "दुकानातल्या बुटक्या स्टुलावरून कुणाचा हात न घेता उठलो, तर?"
"तर परत विषय काढणार नाही."
"बापाशी पैज लावतोयस. मागे फिरायचं नाही!"

८ ऑक्टोबर
रोज उकडलेली अंडी, दूध. तो म्हणतो, "ताई, उद्यापासून मी आरवणार." खुर्चीवरून उठ-बस चालू आहे. मी समोर बसून ओरडते — पाय मागे घे! पुढे वाक! हातावर जोर नको!
"हवालदारिणीने तुला भरती करून घेतलं वाटतं!"
पण मांडी हाताला घट्ट लागायला लागली आहे. आज तो ती सारखी चाचपून बघत होता, चाकात हवा बघतात तशी.

२१ ऑक्टोबर
कठडा धरून जिना उतरला! मी एक पायरी खाली, तोंडातून चकार शब्द नाही. माझंही काही कमी कौतुक नको.

२ नोव्हेंबर
आज दुकानात सगळे. भाचा सुट्टी काढून आला, हवालदारीणही. शटर वर केलं, धुळीचा लोट आला. धाकटा त्या स्टुलावर बसला — गुडघे छातीशी. वाकला, थोडा वर उठला, आणि धपकन परत खाली. भाच्याचा हात पुढे आला. मी फटकन चापट मारली त्यावर!
"चेन उतरली होती," धाकटा म्हणाला. दम घेतला. दात आवळले. आणि उठला. पाय थरथरत होते, पण उभा! कुठेही न धरता.
भाचा नुसता नाक पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "आत्या, मी हरलो गं." जन्मात कुणी हरल्याचा इतका आनंद मला झाला नव्हता. हा माझा भाऊ!

३ नोव्हेंबर
काल एक गोष्ट लिहिली नाही.
सगळे हसत होते तेव्हा हवालदारीण मला म्हणाली, "आता आजी, तुम्ही." गंमत म्हणून स्टुलावर बसले. आणि उठता येईना! माझं तर कधी काही मोडलं नाही, एक दिवस अंथरूण धरलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाहीच.
धाकट्याकडे बघितलं. त्याने हात खिशात घातले.
"घाई नाही, ताई," म्हणाला. "दुकान दिवसभर उघडं आहे."