चिलटाचं रक्त आणि न मागितलेली माफी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? मामींचे गुडघे काय म्हणतात? कंबर सोडली तर माझी तब्येत ठणठणीत आहे, नोकरीची मात्र नाही.

मागे सगळे जमलो होतो तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, ‘किड्यांना कसलं आलंय रक्त?’ जन्मभर लोकांची रक्तं तपासलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर सगळे हसले. तोंडात घास असल्यामुळे मी गप्प बसले. आता घास गिळून झाला आहे, तेव्हा ऐका.

किड्यांच्या अंगात बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि हवा त्यातून थेट पेशीपेशीपर्यंत पोचते. त्यामुळे त्यांना हिमोग्लोबिनची गरजच काय, असं थोरामोठ्यांनी ठरवून टाकलं होतं. (थोरामोठ्यांना ठरवून टाकायची घाई फार. हे तुम्हाला उद्देशून नाही. थोडंसं आहे.) पण मी ज्यांच्यावर संशोधन करते त्या चिलटांच्या अळ्या राहतात पाण्याच्या तळाच्या चिखलात, जिथे प्राणवायूची मारामार. त्या लालभडक असतात, आणि तो लाल रंग हिमोग्लोबिनचाच, तुमच्या-माझ्या अंगातल्या हिमोग्लोबिनचा फार लांबचा भाऊबंद. तेही एकाच प्रकारचं नाही. मामी झबल्याचा कागदी नमुना कापतात तेव्हा त्याची एक प्रत काढून ठेवतात ना? मूळ नमुना कपाटात सुखरूप असला की प्रतीवर हवी तशी कात्री चालवता येते. बाही तोकडी करा, गळा वाढवा. चिलटांच्या पूर्वजांत तसंच झालं. एका जनुकाच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, प्रत्येकीत थोडा थोडा फरक पडत गेला. आता अळी लहान असताना एक हिमोग्लोबिन जास्त, मोठी झाल्यावर दुसरं. आणि मधमाशी? फळांवरची माशी? त्यांच्याकडेही त्याच घराण्यातलं एक आहे, श्वासनळ्यांच्या पेशींत गुपचूप बसलेलं, रंगाचा बडेजाव न करता. म्हणजे हा चिलटांचा एकट्यांचा चोचला नव्हे, जुनी मिरास आहे. कुठली प्रत कधी निघाली आणि कशी बदलत गेली, हे शोधण्यात मी माझी ऐन उमेदीची वर्षं घातली. त्यासाठी एकाच वंशाच्या अळ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. तो वंश तुटला की सगळं मुसळ केरात.

तर आमच्या विभागप्रमुखांना (आम्ही त्यांना ‘साहेब’ म्हणतो, त्यांच्या पत्नीही म्हणतात) प्रयोगशाळेतल्या माझ्या खोलीत पाहुण्यांसाठी सोफा ठेवायचा होता. अळ्या हलवा, असा हुकूम आला. कुठे, हे हुकमात नव्हतं. त्या मी इमारतीपुढच्या शोभेच्या तळ्यात हलवल्या. चिखल उत्तम, पाणी संथ, त्रास देणारा मासा एकही नाही. बाळसं धरलं हो पोरींनी. मग एक मोठे पाहुणे येणार म्हणून साहेबांनी मला न विचारता तळं उपसायला लावलं. पाणी ओसरलं आणि तळ लाल दिसायला लागला. नुसता लाल नव्हे, वळवळणारा. पहारेकऱ्याने जवळ जाऊन बघण्याच्या फंदात न पडता पोलिसांना फोन केला. पाहुण्यांची गाडी आणि पोलिसांची गाडी फाटकातून एकामागोमाग आत आल्या. साहेबांनी हातातला गुच्छ गडबडीत इन्स्पेक्टरना दिला.

इन्स्पेक्टरांनी तळ्यात वाकून पाहिलं. “बाई, हे रक्त कुणाचं?”

मी चार अळ्या तळहातावर घेऊन दाखवल्या. “ह्यांचंच.”

“मग ह्यांना मारलं कुणी?”

“अजून कुणी नाही. साहेब प्रयत्नात आहेत.”

इन्स्पेक्टर गुच्छात तोंड घालून हसले. पाहुणे हसले नाहीत, कारण तळ्यावर घोंघावणारं एक चिलट त्यांच्या घशात गेलं होतं. साहेब तर वर्षानुवर्षं हसलेले नाहीत.

अळ्या मी बादल्यांत भरून घरी आणल्या. सध्या त्या आमच्या न्हाणीघरात असतात आणि हे शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातात. शेजारी सज्जन आहेत, पण साबण घरून आणायला सांगतात. यांनी अजून चकार शब्द काढलेला नाही. फक्त काल विचारलं, “यांचं शिक्षण कधी संपतं गं?”

आता एक समिती नेमली आहे. ‘मी अपायकारक कीटक आवारात सोडले, माझ्या कामाचा कुणाला उपयोग नाही, याबद्दल दिलगीर आहे’ एवढ्यावर सही केली तर खोली परत मिळेल. सोफ्यासकट. मामा, तळ्यासाठी मी शंभरदा माफी मागितली असती. तिथे माझं चुकलंच. पण अपायकारक? माझी चिलटं चावत नाहीत. चावण्याजोगं तोंडच त्यांना नाही. आणि उपयोग? चिखलात गुदमरायला झालं तर जगायचं कसं, याचं उत्तर त्या अळीने कधीच शोधून ठेवलंय. ते मी खोडून टाकायचं, कुणाला टेकायला जागा हवी म्हणून? सही करणार नाही. खोली गेली तर गेली, न्हाणीघर आहे. तुम्ही किंवा आणखी कुणी कितीही हसा, मला काडीचा फरक पडत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची
(हट्टीपणा आजोळचा)

ता. क. : फरक पडतो.

दुसरा ता. क. : अळ्यांचा लाल रंग खरंच रक्ताचा का, हे बघायला समितीला रक्ताची पारख असलेला बाहेरचा एक माणूस हवा होता. मी तुमचं नाव दिलं आणि ते मंजूर झालं. नात्यातले आहात हे मी सांगितलं. साहेब म्हणाले, चालेल, ते किड्यांवर हसतात असं ऐकलंय. सोमवारी सकाळी यायचं आहे. माझी बाजू घेऊ नका. नमुना देईन, तो जन्मभर तपासत आलात तसा तपासा आणि दिसेल ते सांगा.

तिसरा ता. क. : विचार करून कळवतो, असं कळवू नये. मामींशी फोनवर बोलणं झालं आहे. तुमचा कोट इस्त्रीला गेलाय.