ग्रिप माझ्याच हातात आहे

अण्णा,

आपल्या भोरच्या स्वयंपाकघरात तुम्ही स्टुलावर उभे आहात आणि मी खाली, मूठ घट्ट मिटून. बल्ब गेलाय. आई चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणते, "बटण बंद केलं की झालं. एका बल्बापायी सगळं घर कशाला अंधारात?" तुम्ही मान वरच ठेवून म्हणता, "बटण कुठल्या तारेवर बसवलंय ते भिंतीलाच ठावं. बटण बंद म्हंजे करंट बंद, असं समजायचं न्हाई." आई म्हणते, "बसवलंय तुम्हीच की." तुम्ही हसता, स्टूल डुगडुगतं, आणि मी दुसऱ्या हातानं त्याचा पाय धरते. पहिला हात मोकळा करायची मला परवानगी नसते. त्यात मीटरच्या फळीवरच्या फ्यूजची ग्रिप असते, चिनी मातीची, पांढरी, लहान मुलीच्या मुठीत जेमतेम मावणारी. ती उपसली की घरातली वीज तुटायची. कुठंही काम करायचं तर तुम्ही आधी ती काढायचात आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचात. आपल्या घरी तो मान माझा. "मी खाली उतरून, हात पुढं करून 'दे' म्हनलं, तरच द्यायची. आईनं मागितली तरी न्हाई." मग तुम्ही उतरायचात, पाय जमिनीला लावून हात पुढं करायचात, आणि माझी घामेजलेली मूठ उघडायची.

त्या वर्षांत वेल्ह्याकडच्या गावांत वीज नुकती पोचत होती, आणि वायरमन म्हणून तुम्हाला उसंत नव्हती. कापूरहोळला एसटी बदलून तुम्ही पुढं जायचात. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ट्यूब दोन गुडघ्यांत उभी धरून बसायचात. कंडक्टर विचारायचा, "वायरमन, ह्या बाईचं अर्धं तिकीट काढू का?" तुम्ही म्हणायचात, "काढा, पन धक्का मारू नका, नाजूक हाय." सुट्टीत मी कधीकधी बरोबर असायची. जोडणी झाली, बल्ब पेटला, घरच्यांनी त्याला हात जोडले, की तुमचं खरं काम सुरू व्हायचं. ओट्यावर बसून तुम्ही बायांना समजावायचात. त्यांच्या हाताला कंदिलाची सवय. रोज संध्याकाळी काच पुसायची, तिच्यावर काजळी राहू द्यायची नाही. त्याच सवयीनं त्या पेटलेला बल्ब ओल्या फडक्यानं पुसायला जायच्या. तुम्ही सांगायचात, "हा तापतो. गार पानी लागलं की फुटतो, काच डोळ्यात जाती. पुसायचा तर बंद करून, गार झाल्यावर, कोरड्या फडक्यानं. आनि त्याला कागदाची टोपी घालू नका, पेटंल." आईनं एकदा आपल्या घरी नेमकं तेच केलं होतं. बल्ब फुटला, काचा भाकरीच्या पिठात पडल्या. तुम्ही ओरडला नाहीत. परात उचलून बाहेर ठेवलीत आणि तिचे हात उलटसुलट करून बघितलेत. त्या रात्री आपण पोहे खाल्ले.

ट्यूब फुटली की तुमचा आवाज बदलायचा. पोरं बाहेर, दारं उघडी, झाडणीला हात लावायचा नाही. आतली पांढरी पूड उडू न देता ओल्या चिंधीनं टिपायची, काचा कागदात बांधायच्या, विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरायच्या. उत्रोलीच्या भात गिरणीत मोठा पाऱ्याचा दिवा होता. वीज जाऊन आली की तो लगेच लागत नसे, आणि गिरणीवाला बटण खालीवर करत राही. "त्याला दम खाऊ द्या मालक," तुम्ही म्हणायचात. "तुमी तरी जेवल्यावर लगेच उठता का?"

ह्याच कामामुळं मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात गेले. तिथल्या प्रार्थनाघराचं वायरिंग तुम्ही केलंत. मदरना काम आवडलं, त्यांनी घरचं विचारलं, आणि वसतिगृहात माझी सोय झाली. पहिल्या सुट्टीत मी येऊन सांगितलं की बल्बातल्या त्या बारीक तारेला टंगस्टन म्हणतात. तुम्हाला तो शब्द इतका आवडला की ओट्यावरच्या बायांनाही तुम्ही तो सांगू लागलात. परत जाताना मी विचारलं होतं, "आता ग्रिप कोण धरणार?" तुम्ही म्हणालात, "आई धरंल. बाहेरगावी ज्याचं घर त्यो धरंल. तू शिक."

मार्गासनीच्या त्या घरात धरायला कुणी नव्हतं. भातलावणीचे दिवस, सगळं घर खाचरात. गोठ्यातला होल्डर जळाला होता आणि ओल्या जमिनीवर गुरांना धक्का बसेल ह्या भीतीनं त्यांनी तुम्हाला निरोप धाडला होता. तुम्ही नेहमीसारखी ग्रिप उपसलीत. हातात द्यायला माणूस नाही, म्हणून ती देवाच्या कोनाड्यात ठेवलीत. किती वेळा मी तुमच्या जागी उभी राहून हा विचार करून पाहिलाय. देवापाशी ठेवलेल्या वस्तूला कुणी उगाच हात लावत नाही, हे खरंच होतं. पण काम लांबलं, आभाळ भरून आलेलं, आणि दिवेलागणीच्या वेळेला घरातली बाई पहिल्यांदा जाते ती त्याच कोनाड्यापाशी. त्या घरची सून शेतातून आली, पायांवर पाणी घेतलं, देवापुढं दिवा लावला आणि तिला ग्रिप दिसली. गोठा मागच्या बाजूला, तिकडचा आवाज पुढं येत नव्हता. तिला वाटलं, वायरमन काम संपवून गेले आणि ही बसवायला विसरले. फ्यूज उडाला की ती स्वतःच बसवायची, तुम्हीच तिला कोरड्या हातानं बसवायला शिकवलं होतं. तिन्हीसांजेला घर अंधारात नको म्हणून तिनं हात पुसले आणि ग्रिप बसवली. घर उजळलं. तुम्ही ओल्या जमिनीवर उभे होतात.

हे सगळं तिनंच आम्हाला सांगितलं. तुमचे दिवस झाल्यानंतर ती एकटी आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी वसतिगृहातून आलेली, आईला चिकटून बसलेली. ती म्हणाली, "म्या मारलं तुमच्या धन्याला." आईनं मला हलकेच बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुमी दिवा लावायला गेला होता. आत या." ती आत आली नाही. पदराची गाठ सोडून तिनं ग्रिप काढली आणि आईनं हात पुढं केला नाही म्हणून ती माझ्या हातावर ठेवली. "हे आमच्यात नको. कुठंतरी टाका." त्यानंतर त्या घरानं नवी ग्रिप बसवलीच नाही. आजूबाजूला बल्ब आणि त्यांच्या घरात कंदील.

दिवाळीच्या सुट्टीत आईनं मला उठवलं आणि आम्ही एसटीनं मार्गासनीला गेलो. बरोबर तुमच्याच ओळखीचा दुसरा वायरमन आणि बाजारातून घेतलेली नवी ग्रिप. त्या बाईनं दारातच हात आडवा धरला. "न्हाई वहिनी, नको आता ते." आई म्हणाली, "त्यांनी कुणाचं घर अंधारात ठेवलं न्हाई. त्यांच्यापायी ठेवू नका." मग आईनं ती नवी ग्रिप माझ्या हातात दिली. वायरमन गोठ्यात गेला. मी ओसरीवर मूठ मिटून उभी, ती बाई माझ्यासमोर, आणि दोघींचे डोळे माझ्या मुठीवर. तो परत आला, हात पुढं करून म्हणाला, "दे बाळ." माझी मूठ उघडेना, अण्णा. त्या बाईनंच माझं एकेक बोट सोडवलं. दिवा लागल्यावर तिघी रडलो. तुम्ही गेल्यावर मी नीट रडले ती त्या दिवशी.

तेव्हापासून दरवर्षी भाताची कापणी झाली की तिचा आंबेमोहर एसटीनं यायचा. आई गेली तेव्हा ती माझ्या घरी आली होती, अगदी वाकलेली. निघताना तिनं हळूच विचारलं, "ते टाकलं ना गं?" मी म्हणाले, "टाकलं." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिला कशाला सांगू, की ग्रिप तिच्या पाठीमागच्याच कपाटात आहे. माझ्या घरी आता मीटरपाशी एक बटण खाली पाडलं की सगळी वीज तुटते, दिवे तर हाताला तापतही नाहीत. तरी कुणी बल्ब बदलायला चढलं की मी कपाट उघडते आणि ती मुठीत घेऊन खाली उभी राहते. घरचे हसतात. हसू देत.

माझी तब्येत आता फारशी बरी नसते, म्हणून तुमच्या वस्तूंचं ठरवून ठेवतेय. तुमचा टेस्टर माझ्या मुलीला. तिला दिवे कळत नाहीत, पण ती जपून वापरेल. ट्यूब गुंडाळायचं आईचं लुगडं माझ्या धाकट्या बहिणीला, तिला तुमचा चेहरा आठवत नाही आणि लुगड्याला अजून वास आहे असं ती म्हणते. स्टूल मार्गासनीला. त्या घरची नातसून पाटावर पाट ठेवून बल्ब काढते असं कळलंय, तिला सांगायचं की एक पाय डुगडुगतो, खाली कुणीतरी धरायला हवं.

एवढं सगळं मी मुलीला सांगितलंय. ग्रिपचं तोंडानं सांगितलेलं नाही, ते ती ह्या पत्रात वाचेल. ती कुणालाच द्यायची नाही. मला नेतील तेव्हा ती माझ्या उजव्या मुठीत असू दे. तुम्ही अजून खाली उतरून मागितलेली नाही.